कागदाची एक चकती

मुलमुलेजींना जेवायला बोलावलं की ते आल्या आल्या पाटावर बसत नसत. आधी घरातला एखादा खण ओढून पाहत. कपाटाचा खण, फडताळाचं सरकतं दार, मुलांची पेन्सिलींची पेटी, जे हाताशी येईल ते. ओढायचं, ढकलायचं, कान देऊन ऐकायचं आणि मग घरमालकाकडे दयेनं बघायचं. "कोणं केलं हे?" असा प्रश्न आला की त्या सुताराची धडगत नाही हे समजून घ्यावं. लग्न होऊन मी अमरावतीहून जबलपूरला आले तेव्हा माहेरून आणलेल्या माझ्या कपाटाचा असाच पंचनामा झाला होता. मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांना श्रीखंडाचा आग्रह केला नाही. त्यांनी ते मागून घेतलं.

मदन महल स्टेशनच्या मागं, टेकडीचे काळे दगड जिथं संपतात तिथं आमची गल्ली होती. मराठी घरं बरीच. बहुतेक पुरुष रेल्वेत, नाहीतर लष्करी दारूगोळ्याच्या कारखान्यांत. आमचे हे आणि मुलमुलेजी मात्र ओमतीकडे एका सेठच्या लाकडाच्या वर्कशॉपमध्ये होते. हे पेट्यांच्या जोडणीचं काम बघत, मुलमुलेजी यंत्रांचे फोरमन. त्यांची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. उंच, खांद्यात जरासे वाकलेले, आणि शर्टाच्या खिशात कायम एक पितळी डबी. तिच्यात तंबाखू असणार असं कुणालाही वाटे. असायची राई.

लाकडात खाच पाडून झाली की मुलमुलेजी ती फळी तिरपी धरत आणि डबीतला राईचा एक दाणा खाचेत सोडत. दाणा न अडखळता खालच्या टोकाला पोचला तर खाच पास. मधे कुठं थांबला तर फळी बाजूला आणि कारागिराचं तोंड बघण्यासारखं. "साहब फोडणी देऊन राहिले," असं पोरं मागून म्हणत. ते त्यांना ऐकू येई आणि आवडतही असे. आयुष्य यंत्रावर काढून आपली सगळी बोटं शाबूत आहेत, याचा त्यांना भारी तोरा होता. नवीन माणूस भेटला की नमस्कार जरा जास्त वेळ धरून ठेवत, नीट दिसावीत म्हणून.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात सगळं शहर कारखान्यांच्या भोंग्यावर उठू-बसू लागलं. लढाई होणार हे कुणी उघड बोलत नव्हतं, पण ज्याच्या त्याच्या घरचा माणूस ओव्हरटाइमला होता. काम इतकं वाढलं की कारखाने बंदुकीच्या गोळ्यांच्या पेट्या बाहेरच्या वर्कशॉपकडून करून घेऊ लागले. त्यातलं थोडं काम आमच्या सेठला मिळालं. पेटी अगदी साधी, चिडाच्या म्हणजे पाइनच्या लाकडाची. आतल्या बाजूनं दोन फळ्यांना खाच, आणि त्या खाचेतून सरकणारं झाकण. बस, इतकंच.

पण त्या इतक्याशा खाचेनंच नाकी नऊ आणले. वर्कशॉपमध्ये खाच पाडायला एकच गोल पातं होतं. ते दांड्यावर जरा तिरकं बसवलेलं असे, त्यामुळे फिरताना डुलायचं आणि डुलता डुलता रुंद खाच पाडायचं. पोरांनी त्याचं नाव लंगडी ठेवलं होतं. लंगडीची खाच तळाशी कधी सपाट येत नसे. झाकण ढिलं बसे, पेटी हलवली की खुडखुड वाजे. लष्कराकडून माल तपासायला येणारा अधिकारी प्रत्येक पेटी कानाशी धरून हलवी आणि वाजली की न बोलता बाजूला ठेवी. मुलमुलेजींच्या उभ्या जन्मात त्यांची वस्तू अशी कुणी बाजूला ठेवली नव्हती. ते जेवायचे कमी झाले.

मग एक विक्रेता नवीन तऱ्हेची पाती घेऊन आला. याच्यात एक पातं नसून पात्यांची चवड असते, असं ह्यांनी मला जेवताना ताटातल्या पोळ्या एकावर एक ठेवून समजावलं. वर एक करवतीचं पातं, खाली एक, आणि मधे जाड दातांचे तुकडे. वरखालची पाती खाचेच्या कडा कापतात, मधले तुकडे पोट साफ करतात. तुकड्यांच्या मधे कागदाच्या पातळ चकत्या घालायच्या. चकती घातली की खाच केसभर रुंद होते, काढली की अरुंद. विक्रेत्यानं दोन चवडी आणल्या होत्या. एकीला दात कमी. ती झपाट्यानं काम उरकायची, पण कडेचे रेषे उपटायची. दुसरीला दात पुष्कळ. ती सावकाश चालायची, पण तिची खाच लोण्यातून बोट फिरवल्यासारखी यायची. सेठला पहिली हवी होती, कारण माल लवकर निघाला असता. मुलमुलेजी दोन्ही चवडी आलटून पालटून यंत्रावर चढवत राहिले, राईचे दाणे सोडत राहिले, आणि शेवटी सेठसमोर पुष्कळ दातांची चवड ठेवून म्हणाले की ही घ्या, नाहीतर लंगडीवरच काम चालवा आणि फोरमनही दुसरा शोधा. सेठनं घेतली.

नव्या चवडीनं खुडखुड जवळजवळ गेली. जवळजवळ, पण पुरती नाही. पेटी जोरात हलवली तर आत कुठंतरी बारीक आवाज यायचा. तो अधिकाऱ्याला ऐकू येत नव्हता, मुलमुलेजींना यायचा. त्यांनी चवड उतरवली, कागदाची एक चकती काढून घेतली आणि पुन्हा चढवली. आवाज बंद झाला. त्या संध्याकाळी ते खोव्याची जिलबी घेऊन आमच्याकडे आले आणि सोबत एक पेटीही आणली. लहान मुलाला पावलं टाकून दाखवायला सांगावं तसे ते झाकण आम्हाला पुन्हा पुन्हा सरकवून दाखवत होते.

समोरच्या कुसुमताईंचा दिनकर तेव्हा सुट्टीवर आलेला होता. कुसुमताई विधवा, शिलाईची कामं करून त्यांनी हा एक मुलगा वाढवला, आणि तो फौजेत गेला. सगळ्या गल्लीचा तो दिनूच होता. डावखुरा, थट्टेखोर, उंचीनं दाराला लागणारा. मुलमुलेजींनी त्याला मुद्दाम बोलावून पेटी पुढं केली. त्यानं डाव्या हाताच्या एका बोटानं झाकण सरकवलं आणि म्हणाला, "काका, इतकं मऊ सरकलं तर आम्ही समजू, आईनं लोणचं पाठवलं." मुलमुलेजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं.

पाऊस सुरू झाला तेव्हा नव्या चवडीवर केलेल्या पेट्या मालगाडीच्या वाघिणी भरभरून गेल्या होत्या. मागच्या पडवीत काही पेट्या उरल्या होत्या. मुलमुलेजी सहज तिकडं गेले, सवयीनं एक झाकण ओढलं. ते हललं नाही. दुसरं ओढलं. पेटी गुडघ्यांत धरून दोन्ही हातांनी ओढलं. हे सांगत होते की त्यांचा चेहरा बघून कुणी जवळ जाईना. शेवटी त्यांनी हातोडा मागवला.

यातलं गूढ काहीच नव्हतं. लाकूड दमट हवेत फुगतं, हे सुताराच्या पोराला कळतं. "झाड तोडलं म्हणून ते पाणी प्यायचं सोडत नाही," असं तेच प्रत्येक नव्या कारागिराला शिकवत. मे महिन्यात जबलपुरात लाकूड पापडासारखं वाळलेलं असतं, म्हणून त्यावेळी खाचेत जागा सोडायची असते. ती बारीक खुडखुड म्हणजे तीच जागा होती. ती त्यांनी काढून घेतली, आणि काढली ती काम जास्त चांगलं व्हावं म्हणून. ते तसेच भिजत सेठकडे गेले आणि गेलेल्या पेट्या परत मागवा म्हणाले. सेठनं शांतपणे सांगितलं, "पास हुआ माल है, मुलमुलेजी. अब वो सरकार का है." त्याच दिवशी मुलमुलेजींनी चकती परत घातली. गेलेल्या पेट्या गेल्या.

डिसेंबरात लढाई झाली. खिडक्यांच्या काचांना आम्ही काळे कागद लावले, रेडिओला कान लावून बसलो, आणि ती चटकन संपली, आपण जिंकलो. गल्लीत पेढे वाटून झाले आणि मग कुसुमताईंकडे तार आली. पूर्वेकडच्या आघाडीवर दिनू कामी आला होता. कसा, कुठं, कोणत्या वेळी, काही नाही. नंतरही त्यांना कुणी काही सांगितलं नाही, त्याच्या तुकडीतला कुणी भेटायला आला नाही. कुसुमताई रडल्या थोडं. प्रत्येकाला विचारत मात्र राहिल्या की म्हणजे झालं काय, आणि आम्ही सगळे जमिनीकडे बघायचो. मुलमुलेजी त्यांच्या दारापर्यंत जायचे, बाहेरच्या पायरीवर बसायचे आणि आत न जाता परत यायचे.

त्यानंतर रिकाम्या पेट्या दुरुस्तीसाठी परत येऊ लागल्या. ट्रकमधून उतरवल्या की मुलमुलेजी त्या ढिगात जाऊन बसत आणि एकेक हातात घेऊन बघत. काहींची झाकणं धड होती. बऱ्याच पेट्यांची फोडलेली होती. काहींच्या खाचेत झाकणाचा तुकडा तसाच अडकलेला होता. तो ते बोटानं चाचपून पाहत. हे त्यांना म्हणाले की पेट्या करणारे देशात काय आपण एकटेच आहोत का, आणि दिनूच्या तुकडीला आपलीच पेटी कशावरून मिळाली असेल. मुलमुलेजींनी वर न बघता उत्तर दिलं, "सगळ्या नाही, पण एखादी तर पोचली असेल नं."

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी आमच्या गल्लीचं काय केलं ते सांगितलं तर हसू येईल. आम्हीही हसलोच. पूर्वी ते खण ओढून सुताराची चूक काढत. आता कुठलाही खण जरा जड गेला की त्यांचा चेहरा उतरे. ते घरी जाऊन रंधा आणत आणि विचारल्याशिवाय खणाच्या कडा तासून ढिल्या करत. पाऊस संपेपर्यंत गल्लीत एक फडताळ नीट लागेना. उंदरांची चंगळ झाली. माझा भाज्यांचा खण तर एकदा ओढताच सगळाच्या सगळा पायावर आला. मी लंगडत त्यांच्याकडे गेले, भांडायचंच ठरवून. ते दारात बसले होते. मी बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "सहज निघाला नं, वहिनी?" माझ्या तोंडून होय निघालं आणि मी परत आले.

दिनूच्या वर्षश्राद्धाला कुसुमताईंनी मोजकी माणसं बोलावली होती. वाढायला मी होते. पानं उठली, बाकीचे गेले, मुलमुलेजी मात्र भिंतीला टेकून बसून राहिले. आणि मग त्यांनी सांगितलं. पेटी, चवड, चकती, पाऊस, सगळं. सेठला मधे आणलं नाही, लष्करी अधिकाऱ्याला मधे आणलं नाही. कदाचित दिनूच्या हातात माझी पेटी आली असेल आणि ती उघडली नसेल, असं म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, आता या बाई त्यांना घराबाहेर काढतील. मुलमुलेजींनाही तेच हवं होतं, ते त्यासाठीच बसले होते.

कुसुमताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्षभरात पहिल्यांदाच कुणी त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, "मग त्यानं काय केलं असेल?"

मुलमुलेजी गोंधळले. म्हणाले, "ओढलं असेल."

"डाव्या हातानं?"

"डाव्या हातानंच."

"आणि मग?"

त्या दिवशी त्यांना पुढचं काही सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुसुमताईंनी त्यांना निरोप पाठवला. तिसऱ्या दिवशी ते निरोपाशिवाय गेले. मग ते रोजचंच झालं. दिवेलागणीला मुलमुलेजी तोंड धुऊन, धुतलेला शर्ट घालून समोरच्या दारात शिरत आणि जेवणवेळेपर्यंत बसत. गल्लीनं आपला अर्थ काढला. विधुर माणूस, विधवा बाई, चलो अच्छा है, असं म्हणून बायका एकमेकींना कोपरानं ढोसत. मी ढोसून घेतलं आणि गप्प राहिले, कारण आतलं मला ऐकू यायचं. कुसुमताईंची खिडकी माझ्या ओट्यासमोरच होती. तिथं, त्या दोघांच्या बोलण्यात, तो फौजी पोरगा रोज पेटीशी झटत होता.

मुलमुलेजी कटनीच्या पलीकडे कधी गेले नव्हते. पण स्टेशनवर बसून ते पूर्वेकडून येणाऱ्या लोकांना तिथल्या नद्या, तिथलं धुकं, तिथली भाताची शेतं विचारत, आणि संध्याकाळी ते सगळं कुसुमताईंना देत. नदी पार करताना पेटी होडीत भिजली असेल. लाकूड आधी कडेनं फुगतं, मग मधून. दिनूनं घाई केली नसेल, त्यानं झाकण आधी थोपटलं असेल. कुसुमताई मधेच सांगत की नाही, तो लहानपणापासून धसमुसळा, त्यानं लाथ मारली असेल. मुलमुलेजी ते मान्य करत. पुढच्या दिवशी गोष्टीत लाथ असायची. ऐकताना माझ्या हातातलं भांडं तसंच राही. या दोघांना थांबवायला हवं असं मला फार वाटे, आणि थांबवायची भीतीही वाटे.

एकदा मी त्यांना गाठलंच. मी शिकवायचे त्या शाळेतून येत होते, ते स्टेशनकडून. मी म्हटलं, मुलमुलेजी, हे बरं नाही. तुम्हाला काहीच ठाऊक नाही आणि तुम्ही त्या माउलीला रोज खोटं सांगून राहिले.

"खोटं कसं, वहिनी? पेटी खरी, दिनू खरा. मधलं तेवढं आम्ही दोघं जोडून राहिलो."

वर्षं गेली. मुलमुलेजी निवृत्त झाले. वर्कशॉपमध्ये ती चवड कधीच कुणाला तरी देऊन टाकलेली होती आणि लंगडी परत चढली होती, हेही मला ह्यांच्याकडून कळलं. मुलमुलेजी आणखी वाकले. रात्री झोप नाही म्हणायचे, नुकता डोळ्याला डोळा लागला की कुणीतरी लाकडावर मुठी मारतं. मी त्यांना वैद्याकडे पाठवलं. वैद्यानं डोक्याला तेल दिलं.

मग ह्यांना नागपुरात काम मिळालं आणि आमचं जायचं ठरलं. त्याच सुमाराला आमच्या शाळेत नवा चौकीदार आला होता. फौजेतून निवृत्त झालेला, सागरकडचा. माझा निरोप म्हणून शिक्षकांनी चहा ठेवला होता, तेव्हा बोलता बोलता कळलं की तो एकाहत्तरला पूर्वेकडेच होता. दिनूची तुकडी त्याला ठाऊक नव्हती. पण मी पेट्यांचं विचारलं. त्या सरकत्या झाकणाच्या, चिडाच्या लाकडाच्या. त्यांची झाकणं अडकायची का?

तो हसायलाच लागला. "सरकाता कौन था, बहनजी? बंदूक का बट मारो, ढक्कन अलग. पेटी उधर तोड़ने की ही चीज़ थी. सूखी हो, गीली हो, सब तोड़ते थे."

मी पुन्हा विचारलं. सगळेच? सगळेच, म्हणाला. पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. मी हातातला कप ठेवला आणि निघाले. रिक्षात मला रडू येत होतं आणि मी हसतही होते. परत आलेल्या पेट्यांची झाकणं फुटलेली का होती, ते आता लख्ख कळलं होतं. एका माणसानं इतकी वर्षं ज्यासाठी झोप घालवली त्याला काही आधारच नव्हता, आणि जायच्या आधी हे त्याला सांगणं माझ्या नशिबात होतं.

मुलमुलेजी तोंड धुऊन घराबाहेर पडतच होते. मी त्यांना तिथंच अडवलं आणि सगळं सांगितलं, एका दमात, चौकीदाराच्या शब्दांत. ते हळूहळू खाली पायरीवर बसले. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. बट मारायचे? कोरडी असली तरी? मी प्रत्येकाला होय म्हणत गेले. त्यांचा चेहरा सैल पडत गेला, खांदे खाली आले. मी गल्लीत आले तेव्हाचे, कपाटाचा खण ओढून बघणारे मुलमुलेजी मला क्षणभर तिथं बसलेले दिसले. त्यांनी डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

समोरच्या घरात दिवा लागला. कुसुमताई खिडकीत आल्या, इकडं बघितलं, आत गेल्या. मुलमुलेजी भिंतीला धरून उठले.

"वहिनी, हे त्यांना सांगू नका."

"काहून?"

"मग पोरगा कशानं गेला, ते त्यांना पुन्हा ठाऊक नाही राहणार."

मी काहीतरी म्हणाले. तुमचं काय, असंच काहीतरी. ते त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. शर्टाची कॉलर नीट करून ते गल्ली ओलांडून गेले. मी आमच्या ओट्यावर येऊन उभी राहिले. कुसुमताईंनी पाण्याचा पेला पुढं केला. तो मुलमुलेजींनी दोन्ही हातांनी धरला, पाणी प्याले आणि भिंतीला टेकून बसले. चार दिवसांनी आम्ही नागपूरची गाडी पकडली, पण सामानाच्या गडबडीत ते मला भेटलेच नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच संध्याकाळी, त्या खिडकीतून. कुसुमताई जवळ सरकून बसल्या. मला वाटलं, आज मुलमुलेजी यातून सुटतील.

"पेटी माझीच होती, कुसुमताई," मुलमुलेजी म्हणाले.